पाण्याने उसनी दिलेली वाट

सकाळचे सहा. वादी मूसा गावातली तिकीटखिडकी आत्ताच उघडली आहे आणि रांगेत तुमच्या पुढे चारपाचच डोकी आहेत. हे बरं झालं. आठनंतर बसगाड्या रिकाम्या व्हायला लागल्या की त्या घळीत सेल्फीकाठ्यांशिवाय काही दिसत नाही. जॉर्डनमधला एप्रिल, दुपारी घाम फुटेल, पण आत्ता स्वेटर काढवत नाही. पाठीवर दोन लिटर पाणी, खिशात मूठभर खजूर. घोडेवाला आडवा येतो. घोड्याचे पैसे तिकिटात आलेलेच आहेत म्हणतो. ते खरं आहे, आणि उतरताना बक्षिशीसाठी तो जो चेहरा करील तोही तितकाच खरा असेल. तुम्ही चालतच चला. आज मागच्या काळात जायचं आहे, आणि किती मागे आलो ते घड्याळावर नाही, पायाखालच्या जमिनीवर कळणार आहे.

उतारावर उजव्या हाताला दगडाचे तीन प्रचंड चौकोनी ठोकळे लागतात. गावातले लोक ते जिन्नांचे म्हणतात. डावीकडे वर चार सुळके कोरलेलं एक थडगं. थांबू नका, परतताना बघू. पाऊण किलोमीटरभर गेल्यावर डोंगर समोर आडवा येतो आणि त्याला वरपासून खालपर्यंत एक चीर गेलेली दिसते. हीच सीक. पेट्रा नगरीत शिरायची पूर्वेकडची वाट, सव्वा किलोमीटर लांब, कुठे तीन मीटर रुंद तर कुठे दहाबारा, आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती. काही ठिकाणी दीडशे मीटरच्याही वर.

पेट्रा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ते गुलाबी खांब येतात. १९८९ च्या इंडियाना जोन्सच्या चित्रपटाने ते घरोघरी पोचवले. त्याच्या कितीतरी आधी, १८४५ मध्ये, जॉन बर्गन नावाच्या इंग्रजाने पेट्रावर कविता लिहून ऑक्सफर्डचं बक्षीस मिळवलं होतं, गावात पाऊल न टाकता. खांबांशी माझं भांडण नाही. पण खांबांकडे धावणारी माणसं ज्या गोष्टीला पाठ करून आत शिरतात, ती आधी बघा. सीकच्या तोंडाशीच एक ठेंगणा बंधारा आहे, आणि त्याच्या उजव्या अंगाला कातळात काळा मिट्ट बोगदा. बंधारा नवा, १९६०च्या दशकातला, पण जागा जुनी. बोगदा मात्र दोन हजार वर्षांचा, सुमारे ८८ मीटर लांब, छिन्नीने खोदलेला. डोंगरावरून येणारं पाणी बंधाऱ्याने अडायचं आणि या बोगद्यातून शेजारच्या दुसऱ्या घळीत घालवायचं. म्हणजे सीक कोरडी राहते, आणि तुम्ही-आम्ही आत जाऊ शकतो. ही वाट मुळात पाण्याची. माणसाने ती मागून घेतली आहे.

बोगद्यात आत्ता नको. तो शेवटी.

पहिलं साल कडू आहे, म्हणून ते तुम्हाला आत घेऊन जाऊन दाखवणार नाही. तोंडाच्या वर, डाव्या कातळावर चढून बसा. एप्रिल १९६३. बंधारा दिसत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा कधीच वाहून गेलेला, नवा अजून बांधायचा आहे. बोगदा आहे, पण पाण्याला तिकडे वळायचं काही कारण उरलेलं नाही. खाली एक फ्रेंच प्रवाशांचा जथा आत गेला आहे. तुमच्या डोक्यावर ढग आहेत. त्यांच्या डोक्यावर किती असतील सांगता येत नाही, कारण आतून आभाळ म्हणजे दोन भिंतींमधली एक निळी नाडी. पाऊस त्यांच्यावर पडायची गरजच नाही. तो वर, पूर्वेच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर पडतो. तिथे माती नाही, गवत नाही, पाणी मुरणार कुठे? पन्नास ओढ्यांचं पाणी एका चिरेच्या तोंडाशी येतं. आधी वारा येतो. ओल्या मातीचा वास येतो, जो एरवी आपल्याला इतका आवडतो. मग तो आवाज.

त्या दिवशी वीसहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी बंधारा उभा राहिला.

हे सगळं ऐकून सह्याद्रीत भटकणाऱ्याला साम्रदची सांदण दरी आठवली असेल. भंडारदऱ्याजवळची ती काळ्या कातळातली खोल चीर. पावसाळ्यात तिच्यात उतरू नये हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. फरक असा की सांदणला पावसाळा ठरलेला आहे. इथे वर्षाला मोजून काही दिवस पाऊस, आणि त्यातला कुठला दिवस घातकी ते आधी कळत नाही. बंधारा झाल्यावरही २०१८ च्या नोव्हेंबरात हजारो पर्यटकांना घाईघाईने बाहेर काढावं लागलं होतं.

आता उतरा. आत शिरा.

चार पावलं टाकली की बाहेरचे आवाज तुटतात. बूट वाळूत करकरतात ते स्वतःलाच मोठे ऐकू येतात. डाव्या भिंतीला हात लावा. थंड आहे, आणि बोटांना किंचित पावडर लागते. हा वाळूचा दगड. आपला दख्खनचा काळा कातळ लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. आपण त्याला फार जुना समजतो. हा पन्नास कोटींचा. नद्यांनी आणून पसरलेली वाळू, थरावर थर, तेव्हा जमिनीवर एक झाडसुद्धा नव्हतं. लोह आणि मँगनीजने तिला रंग दिले: लाल, जांभळा, पिवळट, मध्येच कच्च्या मांसासारखा. आता समोरच्या भिंतीकडे बघा. डावीकडे जिथे पट्टा खाली वाकतो, नेमका तिथेच उजवीकडचा पट्टाही वाकतो. फाडलेल्या कागदाचे दोन तुकडे शेजारी ठेवावेत तसं. पाण्याने हा डोंगर कापला नाही. भूकंपाच्या ओढाताणीत तो आपण होऊन उकलला. पाणी नंतर आलं आणि फटीत राहू लागलं. वळणावळणाच्या कडा त्याने घासून गुळगुळीत केल्या, रोजच्या वापरातल्या उखळासारख्या.

पहिलं वळण. ऑगस्ट १८१२.

तोंडाशी उंचावर दोन्ही भिंतींना जोडणारी एक कमान दिसते आहे; ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोसळणार आहे. (डेव्हिड रॉबर्ट्स १८३९ मध्ये येऊन तिचं चित्र काढून गेला म्हणून ती कशी होती ते तरी कळतं.) पण कमानीपेक्षा पायांकडे लक्ष द्या. जमीन वर आली आहे. मघाशी भिंतीत कोरलेला जो पाण्याचा पाट तुमच्या कमरेशी होता, तो आता पायाशी आहे. मधल्या शतकांत पूर येत राहिले, गाळ टाकत राहिले, कुणी तो उपसला नाही. तुम्ही गाळावरून, गोट्यांवरून, झुडपांतून वाट काढता आहात.

पुढे दोन माणसं चालली आहेत. एकाच्या खांद्यावर बकरी. ती बें बें करते आणि तो आवाज घळीतून पाचसहा वेळा परत येतो. दुसरा दाढीवाला, डोक्याला फेटा, अंगावर मळका अंगरखा, आणि पाठीवर पाण्याची पखाल. नाव विचाराल तर शेख इब्राहीम सांगेल. खरं नाव योहान लुडविग बुर्कहार्ट, स्वित्झर्लंडचा. लंडनच्या एका मंडळाने त्याला आफ्रिकेच्या शोधासाठी पाठवलं आहे, आणि तो सीरियात बसून अरबी आणि कुराण शिकला आहे. हजरत हारूनच्या थडग्याला बकरी कापायचा नवस आहे, अशी थाप त्याने गावात मारली. हारूनचा डोंगर या अवशेषांच्या पलीकडे आहे हे त्याला माहीत होतं. वाटाड्याला मजुरी म्हणून घोड्याचे दोन जुने नाल दिले. जुने! मला या देवघेवीचं फार हसू येतं, पण मनाला लागते ती पखाल. वाटाड्याने बकरी स्वतः घेतली आणि पाणी पाहुण्याच्या पाठीवर टाकलं, कारण खाली दरीत पाणी मिळणार नाही हे तो जाणून होता.

ज्या नगरीत कातळाच्या प्रत्येक अंगाखांद्यावरून पाणी खेळवलं होतं, तिच्यात शिरताना माणूस पाठीवर पाणी घेऊन चालला आहे.

बुर्कहार्ट वही काढत नाही. काढली तर जीव जाईल. तो नुसता बघतो आहे, आणि बघण्याची ती असोशी वाटाड्याच्या नजरेतून सुटत नाही. नवसाला निघालेला माणूस थडग्यांत डोकावत कशाला बसेल? संशय वाढत जाणार आहे. संध्याकाळ होईल तेव्हा हारूनचा डोंगर अजून वर असेल आणि बकरी पायथ्याशीच कापली जाईल. पण तोवर त्याने पुरेसं पाहिलेलं असेल. पाचच वर्षांनी हा माणूस कैरोत मरेल, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, आणि त्याने पाहिलेलं छापून येईल त्याच्या मागे. त्याला त्याच्या बकरीसह पुढे जाऊ द्या.

मधली वळणं भरभर. दहा शतकं इथे फारशी चाहूलच नाही. कुठे एखादा धनगर, कुठे पावसाचा एक लोंढा, गाळाचा आणखी एक थर. ३६३ च्या मे महिन्यातली एक रात्र: वरून एवढा मोठा आवाज होतो की तुम्ही भिंतीला चिकटता. दगड सुटतात, आणि खाली शहरात अर्ध्याहून जास्त इमारती बसतात. भूकंपाने फोडलेले नळ आणि हौद पुरते सांधायला पुढे हात कमी पडले. इ. स. १०६: ट्राजनने हे राज्य रोमला जोडलं, फारसा आवाज नाही. शहर चालूच राहिलं, पण धंद्याची वाट हळूहळू दुसरीकडे वळत गेली.

आणि आता पाय सांभाळा, कारण जमीन खचते आहे.

गाळ निघून जातो. गोटे, झुडपं, वाळू, सगळं पायाखालून सरकतं आणि तुम्ही खाली उतरता. बुटांखाली सपाट फरशी. चुनखडीच्या घडीव लाद्या, सांधे असे की नख जाणार नाही. वर्ष साधारण इ. स. ५५. नबाती लोकांचा राजा मलिकू, दुसरा. गावाला पेट्रा हे ग्रीक नाव. इथले लोक रक्मू म्हणतात.

सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. पाणी. पण लोंढ्याचा नाही, घरात कुठेतरी नळ चालू राहिल्यावर येतो तसा बारीक. डाव्या भिंतीत कमरेच्या उंचीवर पाट आहे, वर दगडी झाकणं, म्हणजे धूळ पडू नये, ऊन लागू नये. उजव्या बाजूला खापरी नळ. प्रत्येक हातभर लांबीचा, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं, सांध्याला चुना, आणि सगळी रांग कातळातल्या खाचेत लिंपून टाकलेली. पाणी येतं ते वर गावाजवळच्या झऱ्यावरून, ज्याला पुढे मूसाचा झरा म्हणणार आहेत. उतार इतका बेताचा ठेवला आहे की पाणी धावत नाही आणि तुंबतही नाही. धावलं तर सांधे उखडतील, तुंबलं तर गाळ बसेल. ज्या लोकांच्या आजे-पणजोबांनी घर बांधणं हाच गुन्हा मानला होता, त्यांनी हे केलं आहे. या आजे-पणजोबांची गोष्ट पुढे सांगतो.

"बाजूला!" अशा अर्थाचं काहीतरी कुणी ओरडतं आणि तुम्ही भिंतीशी सरकता. तांडा येतो आहे. घंटा आधी, मग वास: उंटाचा घाम, चामडं, आणि त्यावर तरंगणारा लोबान. थेट धूप घातलेल्या देवघराचा वास, पण उग्र, नाकात बसणारा. गोण्यांत दक्षिण अरबस्तानातला लोबान आहे, हिराबोळ आहे. उंट तुमच्या खांद्याला घासून जातो. त्याचा गुडघा घट्टे पडून टणक झालेला, पापण्या लांब, तोंडातून फेस. मागून येणारा माणूस तुमच्याकडे बघून म्हणतो, "शलाम." हा शब्द तुम्हाला आजही या डोंगरांत कातळावर कोरलेला सापडेल, पुढे कुणाचं तरी नाव. असा अमुक, त्याला शांती असो. नबाती अक्षरं एकमेकांना चिकटायला लागली आहेत. त्यांतूनच पुढे अरबी लिपी उमलणार आहे.

आता त्या माणसाच्या कमरेच्या पिशवीत काय असेल ते विचारू नका, मीच अंदाज करतो. या सुमाराला इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची वाटाडी वही लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात तांबड्या समुद्रावरच्या ल्यूके कोमे नावाच्या बंदराचा उल्लेख आहे: इथून नबात्यांचा राजा मलिखस याच्या पेट्राला वाट जाते, आणि बंदरावर येणाऱ्या मालावर चौथाई वसूल करायला अधिकारी बसलेला असतो. चौथाई म्हणजे मालाचा पंचवीस टक्के. नाणेघाटाच्या माथ्यावरचा तो दगडी रांजण आठवा, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आणि त्याच वहीची पुढची पानं उलटली की भडोच येतं, सोपारा येतं, कल्याण येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड भरपूर निघतात, तेरहून कापड, आणि सगळं गाड्यांवर घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात, असं तो लिहितो. पैठण आणि पेट्रा एकाच माणसाच्या वहीत. त्यामुळे या उंटवाल्याच्या पिशवीत गोदाकाठचा एखादा पट्ट्यापट्ट्यांचा दगड असलाच, तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण त्याच वहीतली गलबतं, पावसाळी वारे धरून थेट इजिप्तच्या बंदरांना लागणारी, या तांड्यांची पोटं पुढे मारणार आहेत. आपल्याकडचा मोसमी वारा इथल्या उंटांच्या मुळावर उठला, असंही म्हणता येईल.

तांडा पुढे जातो आणि भिंतीत दुसरा तांडा दिसतो. दगडाचा. डाव्या भिंतीत माणूस आणि त्याच्यामागे उंट कोरलेले आहेत, खऱ्याहून थोडे मोठे. पाणी त्यांच्या पाठीमागून जातं. पाट अडू नये म्हणून शिल्पकाराने तो उंटांच्या मागून नेला आहे. कोणत्या कचेरीतल्या पाणीखात्याच्या कारकुनाने शिल्पकाराशी त्यावरून हुज्जत घातली असेल, हे चित्र मी किती वेळा रंगवलं आहे. आज मात्र, म्हणजे तुमच्या-माझ्या आजमध्ये, त्या उंटवाल्याचं डोकं नाही. वरचा भाग वाऱ्यापाण्याने खाऊन टाकला. उरलं ते खालचं: झग्याची किनार, पायांतल्या चपला, उंटांची पावलं. १९९०च्या दशकात सीकमधला गाळ उपसला तेव्हा ते बाहेर आले. जे गाळात बुडालं तेवढंच वाचलं. बुर्कहार्ट या चपलांवरून चालून गेला, त्याला पत्ता नव्हता.

भिंतीत कोनाडे आहेत, आणि कोनाड्यांत देव. दगडाचा उभा ठोकळा, बस्स. एखाद्याला डोळ्यांसाठी दोन चौकोन आणि नाकासाठी एक पट्टी, पुष्कळांना तेही नाही. ग्रीक लोकांना याचं नवल वाटे. तुम्हाला वाटू नये. गावच्या वेशीवर शेंदूर फासलेला तांदळा ज्याने पाहिला आहे, त्याला दुशरा हा देव लगेच ओळखीचा वाटतो. उंटवाला चालता चालता कोनाड्याला हात लावून तो कपाळाला लावतो. मलाही तसंच करावंसं वाटलं होतं.

आणखी थोडं मागे. तीसेक वर्षं, चाळीस. राजा हरिथत चौथा, ज्याला ग्रीक अरेटास म्हणतात. भिंती एवढ्या जवळ येतात की दोन्ही हात पसरावेसे वाटतात, अंधारतं, आणि मग समोरच्या चिरेत उजेडाची उभी पट्टी.

इथे आत्तापर्यंत प्रत्येकाने श्वास रोखलेला आहे. तुम्ही थोडे निराश व्हाल. कारण खांब नाहीत.

समोर चाळीस मीटरचा उभा कडा आहे आणि त्याच्या फक्त वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर काम झालं आहे. अगदी वर दगडी कलश तयार, तुटक्या त्रिकोणी माथ्यांची नक्षी तयार, त्यांच्यामध्ये गोल देवळीचं छत बाहेर येऊ लागलेलं. त्याखाली सगळा कच्चा कातळ. पाथरवट वर एका खोबणीत पाय रोवून बसले आहेत, खाली बघतही नाहीत. छिन्नीचा आवाज टक टक टक असा घळीतून जातो आणि लाल चुरा सतत खाली पडतो, मंद पावसासारखा. तुमच्या खांद्यांवर, केसांत. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला यातली युक्ती सांगायला नको: शिखर आधी, जोतं शेवटी. पायाड उभारायला नको, वरून उतरत यायचं. पण चूक झाली तर जोडायला दगड नाही. कैलास आठव्या शतकातलं, म्हणजे याच्यानंतर सातशे वर्षांनी. कुणी कुणाचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. वरून खाली येणाऱ्या कामगाराला दोन्हीकडे तीच भीती वाटली असेल एवढंच.

खालचे सहा खांब अजून डोंगरात झोपलेले आहेत. आणि खाली, जिथे तुम्ही उभे आहात ती जमीन, आजच्यापेक्षा पाचसहा मीटर खोल आहे. २००३ मध्ये याच अंगणात खणलं तेव्हा खाली थडगी सापडली. म्हणजे आज लोक जिथे उभं राहून फोटो काढतात, ते पुरांनी आणून टाकलेल्या गाळाचं गच्च भरलेलं अंगण आहे. याला खजना म्हणतात ते फार पुढचं. कलशात फिरऔनाचं सोनं आहे अशा समजुतीने त्यावर बंदुका झाडल्या गेल्या. गोळ्यांचे वण अजून दिसतात. कलश भरीव दगडाचा आहे.

आजे-पणजोबांचं सांगायचं राहिलं. एकच उडी, इ. स. पूर्व ३१२. कडा कोरा आहे. छिन्नी नाही, नळ नाही, लाद्या नाहीत, वाळू आणि कुठेतरी काळे तंबू. अलेक्झांडरचा सेनापती अँटिगोनस याने या लोकांवर फौज पाठवली होती, ती वाळवंटात साफ कापली गेली. त्या मोहिमेचा वृत्तांत ग्रीक इतिहासकार डायोडोरसने नोंदला आहे, आणि त्यात या लोकांचे नियमही येतात. पेरायचं नाही, घर बांधायचं नाही, दारू प्यायची नाही. मोडेल त्याला मरण. शत्रू आला की ते वाळवंटात पसार होत आणि पाठलाग करणारी फौज तहानेने मरे. कारण त्यांनी जमिनीखाली टाकी खोदली होती: तोंड अगदी अरुंद, आत उतरत जाल तसं प्रशस्त, पावसाने भरून घेतलेली, आणि तोंड बुजवून वर फक्त आपल्यालाच ओळखू येईल अशी खूण. वाळूवर तुम्ही आत्ता उभे आहात तिथून चारेक हातांवर एक चपटा दगड आहे. त्यावर दोन रेघा. तुम्हाला त्या ओरखडा वाटतील.

दोनशे-तीनशे वर्षांत याच लोकांनी लपवायचं पाणी उघड्यावर आणलं, नळांत घातलं, उंटांच्या मूर्तींमागून खेळवलं.

"चहा? वन दीनार!" कुणीतरी कागदी पेला पुढे करतं. साडेनऊ वाजलेत. अंगणात दोनशे माणसं, चार उंट, एक लग्नाचा फोटो चाललेला. खांब सगळे जागेवर. चहात साखर इतकी की जीभ चिकटते, पण प्या. विकणारा पोरगा बदूल टोळीतला. त्याच्या आजीआजोबांची पिढी इथल्याच गुहांत राहत होती. १९८५ मध्ये पेट्रा जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि त्याच सुमाराला त्या टोळीला वर उम सैहून गावात घरं बांधून नेऊन बसवलं. कोरलेल्या गुहेतून काँक्रीटच्या खोलीत. गुहा उन्हाळ्यात गार असतात असं तो म्हणतो, आणि पैसे मोजून घेतो.

परत सीकमधून बाहेर. समोरून येणाऱ्या गर्दीच्या विरुद्ध, बॅटरीच्या गाड्यांना अंग चोरून. उजवीकडच्या भिंतीत चपला दिसतील, डोकं नसलेला उंटवाला. तोंडाशी येऊन डावीकडे वळा. बोगदा.

पुढच्या घळीत वाटाड्याशिवाय जाऊ देत नाहीत, पण आपल्याला लांब जायचं नाही. आत विजेरी लावा. भिंतीवर छिन्नीचे घाव सगळे तिरपे, एकाच कलाने, जणू हे खोदणाऱ्यांचे हात कुणी एकाच तालमीत घडवले. तळ वाळूचा. कुठे ओल आहे. ऐंशी-नव्वद मीटरांनी उजेड येतो आणि तुम्ही वादी मुथ्लिममध्ये बाहेर पडता. मुथ्लिम म्हणजे अंधारी. सीकला दिलेली फरशी, कोनाडे, उंट, देव यांतलं इथे काहीच नाही. सीकमधून काढून दिलेलं पाणी इथून जातं. वाट अरुंद होते, दगडी भिंती गुडघ्याशी, खांद्याशी पोटासारख्या बाहेर आलेल्या, तळाशी शेवाळलेलं डबकं. एक शिळा दोन भिंतींमध्ये अडकून राहिली आहे. तिच्याखालून वाकून जावं लागतं.

पाठ सरळ करताना वर बघा. डोक्याच्या वर दीड पुरुष उंचीवर, फटीत, झुडपाच्या वाळलेल्या काटक्या, दोरीचा गुंता आणि पाण्याची एक प्लास्टिकची बाटली अडकली आहे. झाकण लावलेलं, लेबल अजून निळं. हात वर करून बघा. पोचत नाही. टाचा उचलून बघा.